रंगवलेली वानरीण

मी यवतमाळ जिल्ह्यात पिंजरे शोधायला गेले होते.

आमच्या इचलकरंजीच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. वडील यंत्रमाग कामगारांच्या सभांची पत्रकं छापून आणायचे आणि आई आणि मी जेवणं झाल्यावर त्यांच्या घड्या घालायचो. जगात कुठे काही चुकतंय असं कळलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, बाकीचं मागून येतं. रेखाने फोनवर सांगितलं की ती वानरांच्या पिल्लांवर काम करते आहे, ताणामुळे शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचा त्यांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो ते बघते आहे, तेव्हाही असंच झालं. पिल्लांना आयांपासून तोडून तारेच्या पिंजऱ्यात एकेकटं ठेवायचं आणि ती किती घाबरतात ते मोजायचं, असले प्रयोग परदेशात झालेले आहेत हे मी वाचलं होतं. रेखा माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली. तिने हे करावं?

"मी येते बघायला," मी म्हटलं.

"ये ना वं. फक्त बूट घालून ये. सँडल चालत नाहीत इथं."

मथळा तयार ठेवूनच मी निघाले.

फुलसावंगी

स्टँडवर रेखा स्कूटी घेऊन उभी होती. तिचा तांडा तिथून पुढे, डोंगराच्या पोटाशी. तांड्याचं नाव मी लिहिणार नाही, तिथल्या माणसांची नावंही बदलली आहेत, आणि का ते पुढे कळेल.

आधी तिने मला आलुबोंडा खायला घातला. वर लाल तर्री, इतकी की बोंडा तिच्यात बुडून जावा. आमच्या कटवड्याचा हा चुलतभाऊ. फक्त आमचा कट जिभेला लागतो आणि ही तर्री थेट कानात जाते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा हॉटेलवाला शांतपणे म्हणाला, "ताई, आज तर फिकी हाय."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस आणि तूर. उसाच्या हिरव्या भिंतींमध्ये वाढलेल्या माणसाला ही मोकळी, तपकिरी जमीन आधी उदास वाटते. मग लक्षात येतं की इथे लांबवरचं दिसतं. तुरीच्या शेंगा भरलेल्या होत्या आणि जवळपास प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर कोणी ना कोणी बसलेलं होतं. धुरा म्हणजे आमचा बांध. मी विचारलं, "हे सगळे काय करतायत?"

"राखण. वानर येतात ना."

तांड्यावर पोचल्यावर हातपाय धुण्याआधी मी विचारलं, "पिंजरे कुठेत?"

"कायचे पिंजरे?"

मी तिच्या खोलीत शिरले. कोपऱ्यात थर्माकोलचा मोठा डबा होता. तिच्याकडे रोखून बघत मी झाकण उघडलं. आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये ओळीने लावलेल्या छोट्या नळ्या. प्रत्येक नळीत काळपट हिरवा गोळा.

"लेंड्या आहेत," रेखा म्हणाली. "वानरांच्या. झाकण लाव, वास येतो."

दारातून तिच्या आईचं हसू ऐकू आलं. रेखा तिला याडी म्हणते. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडीच म्हणतात, आणि दोन दिवसांत मीही म्हणू लागले. याडी माझ्याशी मात्र वऱ्हाडीत बोलायची. "पुण्याले शिकाले गेलती माही पोरगी. वापस येऊन वांदराची लेंडी येचून राह्यली. लग्नाच्या पत्रिकेत काय छापू, सांग बरं मुक्ताबाई?"

जेवायला ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरीच, आणि तुरीच्या हिरव्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी. असली भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. जेवता जेवता रेखाने समजावलं. भीती वाटली, उपास घडला, भांडण झालं की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. वेळेपुरतं ते चांगलंच. त्याच्याच जोरावर जीव पळतो आणि वाचतो. पण भीती रोजचीच झाली आणि ते खाली उतरलंच नाही, तर शरीराला महागात पडतं. वानराला बोटही न लावता ते लेंडीतून मोजता येतं. आई धास्तावलेली असेल तर ते तिच्या दुधातूनही पिल्लात उतरतं. "अशा आईचं पिल्लू नवी गोष्ट बघायला पुढे जातं, की पोटालाच चिकटून राहतं, एवढंच मला बघायचंय," ती म्हणाली. "जे पिल्लू आईपासून दूर जात नाही ते शिकणार कधी?"

झरी जामणीच्या जंगलातला एक कळप तिने आधी पाहिला होता. तिथे राखणीचे फटाके नव्हते. इथे आहेत. दोन्हीकडची पिल्लं ती शेजारी ठेवून बघत होती.

मला मथळा बदलावा लागला. खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झाला.

नाल्याकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाल्याकाठच्या चिंचांखाली जाऊन बसलो. कळप उन्हाला आलेला होता. एक मोठा नर, बाकी सगळ्या माद्या आणि पोरंटोरं. रेखाने एका मादीकडे बोट दाखवलं. तिचा एक कान अर्धा फाटलेला, म्हणून नाव कानतुटी. तिच्या पोटाशी दिवाळीच्या सुमाराला जन्मलेलं पिल्लू, अंगावरचं जावळ अजून काळं. त्याचं नाव बोट्या, कारण ते सारखं कशात तरी बोट घालायचं.

रेखाने मोकळ्या जागेत स्टीलची एक वाटी पालथी ठेवली आणि आम्ही लांब येऊन बसलो. खायला काही नाही, फक्त चकाकणारी वाटी. बोट्या आईच्या पोटावरून उतरला. दोन पावलं पुढे आला, मागे वळून आईकडे पाहिलं. कानतुटी दुसरीकडे बघत शेंगा सोलत होती, जणू तिला काही पर्वा नाही. तो पुन्हा पुढे आला. वाटीला बोट लावलं, दचकून उंच उडाला आणि धावत आईला चिकटला. मग परत आला.

"बघितलंस?" रेखा कुजबुजली. "परत आला. घाबरला आणि तरी परत आला. शिकणं ह्यालाच म्हणतात."

मला एवढा आनंद का झाला ते सांगता येत नाही. इतक्यात पलीकडच्या शेतात सुतळी बॉम्ब फुटला. अख्खा कळप शेंड्यावर. बोट्या कधी आईच्या पोटाशी गेला ते दिसलंसुद्धा नाही. रेखाने घड्याळ पाहिलं आणि वाटी उचलून पुसत म्हणाली, "हे आमचे फुलसिंग काका. बाबांचे धाकटे भाऊ. तूर त्यांची."

काकांशी माझी ओळख त्याच दुपारी झाली. उंच, हसरे, दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारे. मूठभर ओल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतून म्हणाले, "खाय पाहुनी. वांदरानं ठेवल्या तेवढ्या आपल्या."

लाल

तिसऱ्या दिवशी चिंचांखाली कळप नव्हता. आम्ही नाला ओलांडला तेव्हा आवाज आला. आधी घुंगरांचा, बैलाच्या गळ्यातल्या माळेसारखा, पण बैल कधी धावणार नाही इतक्या वेगाने. मग वानरांच्या किंकाळ्या.

कळप तुरीतून पळत होता आणि त्याच्या मागून काहीतरी लाल धावत होतं.

ते काय आहे हे माझ्या डोळ्यांनी मानायला वेळ घेतला. वानर होतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल ऑइलपेंट फासलेलं, गळ्यात घुंगरांची माळ. ते जितकं जवळ जाई तितका कळप जिवाच्या आकांताने पुढे पळे. ते थांबलं की कळपही लांब जाऊन थांबे आणि वळून त्याच्यावर दात विचकून ओरडे. ज्यांच्यापाशी ते वाचायला धावत होतं, तेच त्याला बघून पळत होते.

"रेखा, हे काय आहे?"

रेखा दुर्बिणीतून बघत होती. तिने ती खाली घेतली.

"कानतुटी आहे."

पिल्लू कुठे आहे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनेच दाखवलं. एका तरण्या मादीने बोट्याला छातीशी धरलं होतं. वानरांमध्ये मावश्या अशा पिल्लं सांभाळतात, पण हिला स्वतःला पिल्लू झालेलं नव्हतं, म्हणजे दूध नव्हतं. बोट्या तोंडाचा आ करून ओरडत होता. आईचा आवाज त्याला ओळखीचा असणार, कारण तो दोन्ही हात तिच्याकडे पसरत होता. आणि दर वेळी घुंगरू वाजले की मावशी त्याला घेऊन उंच पळायची.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दुधाशिवाय? एवढंसं आहे ते. आज नाही तर फार तर उद्या."

आम्ही धावत तांड्यावर आलो. काका अंगणात रंगाचे हात रॉकेलने पुसत बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही. उलट खुशीत होते. आजूबाजूच्या गावांतही करतात हा इलाज, ते म्हणाले.

"आमी मारलं का? एक काठी नाही लावली. मारुतीचं लेकरू हाय थे, मारलं तर पाप लागते. पहाटं सापळ्यात धरलं, ट्रॉलीचा रंग उरला होता थो लावला, घुंगरू बांधले आन सोडून देल्लं. बाकीचे त्याले पाहून पयतात, थे त्याइच्या मागं पयते. पुरा कळप शिवेबाहीर. कोनाचा जीव नाही गेला आन तूर वाचली."

"काका, तिला पिल्लू होतं," रेखा म्हणाली.

"होतं ना. थे म्या सोता लिंबाच्या फांदीवर बसवलं. गुळाचा खडा देल्ला त्याच्या हातावर."

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी दया केली. मला त्यांच्या क्रूरपणाचा नव्हे, ह्या दयेचा धक्का बसला. काठी मारणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. गूळ देणाऱ्याशी कसं भांडायचं?

मला ठाऊक एकच रीत होती. मी अंगणातच उभी राहून बोलायला लागले. निरपराध मातेचा छळ, आणि भक्तीचा बुरखा, आणि कायदा. वानर वन्यजीव कायद्यात येतं, आत्ता वनखात्याला फोन केला तर तुम्ही सगळे आत जाल. आवाज चढत गेला तशी माणसं जमली. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग डोक्यावर घागर घेतलेली एक बाई म्हणाली, "तुमच्याकडं ऊस असते ना बाई? घेऊन जाय ना हा कळप तिकडं." हशा पिकला. दुसरी म्हणाली, "नाही तं राखनीले ये. काठी आमी देतो." काकांचा चेहरा मात्र बंद झाला. हात पुसायचं थांबवून ते उठले आणि घरात निघाले.

रेखाने माझा दंड धरला. "गप राहा. फोन केलास तर माणसं येतील कधी? पंचनामा होईल, काका आत जातील आणि पिल्लू मरेल. तिला परत धरून रंग काढायला हवा, आणि पिंजरा लावता येतो फक्त काकांना."

तेवढ्यात याडी चुलीपासून उठून आली. तिला आत्ताच सगळं कळलं होतं. दाराच्या उंबऱ्यावर तिने काकांना अडवलं आणि आधी गोर बोलीत काहीतरी म्हणाली, इतकं हळू की अंगण चिडीचूप झालं. मग सगळ्यांना समजावं म्हणून वऱ्हाडीत.

"माहे सासरे रंगवत होते, म्या पाह्यलं. एकटा हुप्प्या धरत. वांड, मोठा, ज्याच्या मागं कोनी नाही. लेकुरवाळी सापळ्यात आली तं तिच्या पाया पडून सोडून देत. तुमी कोनाले रंग लावला, भाऊजी?"

"अंधारात काय दिसते वं भाभी? आलं थे धरलं."

"अंगावरचं पिल्लू काढतानी दिसलं का नाही?"

मी अंगणात उभी राहून जे बोलले होते ते सगळं ह्या एका प्रश्नापुढे हवेत विरून गेलं. माझ्याकडे कायदा होता आणि तो बाहेरून आला होता. हा नियम त्यांच्याच घरातला होता, तो मोडला होता, आणि अंगणातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. घागरवाल्या बाईने घागर खाली ठेवली.

"चाल," काका शेवटी म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही. आम्ही सगळेच निघालो.

ट्यूबवेलच्या खोलीजवळ

पिंजरा काकांच्या गोठ्यात निघाला. जाड तारेचा, वर सरकणारं दार. मी जो शोधायला आले होते तोच. आणि तो मी एका बाजूने उचलून शेतात नेला.

कानतुटी ट्यूबवेलच्या खोलीच्या छतावर बसली होती. दमलेली. दूर पळसावर कळप. आम्ही पिंजऱ्यात भुईमुगाच्या शेंगा टाकल्या, केळी ठेवली. तिने पाहिलंसुद्धा नाही. ती फक्त पळसाकडे बघत होती. ऊन चढत गेलं. बोट्याचं ओरडणं बारीक होत चाललं होतं, आणि ते बारीक होणं मोठ्याने ओरडण्यापेक्षा भयंकर होतं.

"नाही येत," काका म्हणाले. "एकडाव धरलेलं वांदर पुन्ना पिंजऱ्याकडं पाहत नाही."

रेखाने खिशातून मोबाईल काढला आणि नुसता हातात धरून राहिली. तिच्याकडे बोट्याचे आवाज होते, महिनाभरात टिपलेले. भूक लागल्यावरचा, आई दिसेनाशी झाल्यावरचा.

"हे करायचं नसतं," ती मला म्हणाली. "आईला पिल्लाच्या रडण्याने फसवायचं. ज्या प्रयोगांवरून तू माझ्याशी भांडायला आलीस ना, ते असेच असतात."

मी पिंजऱ्यामागे पाला गोळा केला.

तिने मोबाईल पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, पाल्याखाली ठेवला आणि आवाज सुरू केला. कानतुटी छतावरून उतरली नाही. ती पडलीच म्हणा ना, इतकी सरळ आली. ज्या पिंजऱ्यात पहाटे तिचं सर्वस्व गेलं होतं त्यात ती मागेपुढे न बघता शिरली आणि पाल्यात दोन्ही हात घालून शोधू लागली. दार पडलं. रेखाने आवाज बंद केला.

गोधडी टाकून काकांनी तिला धरलं. याडीने गोडेतेल चोळून चोळून ओला रंग काढला, निघाला नाही तिथे रेखाने बैलाचे केस कापायची कात्री चालवली. मी घुंगरांची दोरी कापली. मध्येच कानतुटीने काकांच्या अंगठ्यात दात रुतवले. रक्त मनगटावरून टपकायला लागलं. काका कळवळले, शिवी घातली, पण हात सोडला नाही. "कर लवकर," एवढंच म्हणाले.

सोडली तेव्हा ती कुठल्याच प्राण्यासारखी दिसत नव्हती. कुठे केस, कुठे उघडी कातडी, कुठे गुलाबी डाग, सगळीकडे तेल. ती पळसाकडे निघाली आणि कळप पुन्हा मागे सरला. घुंगरू नव्हते, म्हणून पळाला नाही. ती थांबली. खाली बसली. मग परत थोडी पुढे. अशी दुपार गेली. मावशी बोट्याला घेऊन वरच्या फांदीवर होती. कानतुटी झाडाखाली येऊन बसली आणि तिने वर पाहिलं. बाकी काही केलं नाही.

बोट्याच उतरला. मावशीच्या हातांतून सुटला, खोडाला चिकटत, घसरत, अर्ध्यावर थांबला. खाली जी बसली होती ती त्याच्या आईसारखी दिसत नव्हती. तिचा वास तेलाचा होता. त्याने वर मावशीकडे पाहिलं, खाली पाहिलं. मग कानतुटीने घशातून एक आवाज काढला, मी त्याआधी न ऐकलेला, आणि तो तिच्या अंगावर येऊन पडला.

रेखा खाली बसून रडली. तिच्या अभ्यासातून हा कळप आता बाद झाला होता. तिनेच त्यात हात घातला होता. पण ती त्याच्यासाठी रडत नव्हती.

धुऱ्यावर

काकांनी सरकारी दवाखान्यात कुत्रं चावलं म्हणून सांगितलं आणि इंजेक्शन घेऊन आले. निघायच्या दिवशी सकाळी मी रेखाबरोबर त्यांच्या शेतावर गेले. ते अंगठ्याला मोठं बँडेज बांधून धुऱ्यावर बसले होते. कळप तुरीत उतरला होता. शेंगा ओरबाडत, अर्ध्या खात, अर्ध्या टाकत. माझ्याच्यानेही बघवेना. कोणाचं तरी वर्षभराचं काम असं दातांनी सोललं जाताना मी आधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात अलीकडे, आमच्यापासून थोड्या अंतरावर, कानतुटी बसली होती. बोट्या पीत होता. पिता पिता त्याला तिच्या मांडीवर राहिलेला लाल रंगाचा कण सापडला. त्याने तो बोटाने खरवडला, डोळ्यांजवळ धरला, तोंडात घालणार तोच आईने त्याच्या हातावर चापट मारली. त्याने दुसरा शोधला.

काकांनी खिशातून सुतळी बॉम्ब काढून धुऱ्यावर ठेवला. मग काडेपेटी. बँडेजच्या अंगठ्याने काडी ओढायचा प्रयत्न केला, दोनदा मोडली. त्यांनी पेटी माझ्यापुढे धरली.

"पाहुनी, तुमी पेटवा. माह्यानं होत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. मी रेखाकडे पाहिलं. ती तुरीकडे बघत होती. पेटी मी घेतली.

"आत्ता नाही," काका म्हणाले. "पाजनं होऊ द्या आंधी."

आम्ही तिघं धुऱ्यावर बसून राहिलो. पिल्लू पीत होतं, मध्येच थांबून इकडेतिकडे बघत होतं, पुन्हा पीत होतं. त्याला काही घाई नव्हती.